शेवटचा भाग

पुस्तकाचं पान दुमडणाऱ्या माणसाशी मेव्लिदा महिनाभर बोलत नसे. तो महिना मीही एकदा भोगला आहे. सारायेव्होतल्या आमच्या गल्लीतल्या वाचनालयात ती एकतीस वर्षं ग्रंथपाल होती. गेल्या वसंतात ती गेली, म्हणून जुन्या डायऱ्या काढून हे लिहिते आहे.

१९९३ चा नोव्हेंबर, शहराला टेकड्यांवरून पडलेल्या वेढ्याचा दुसरा हिवाळा. वाचनालयाच्या छपरावर तोफगोळा पडल्यावर मेव्लिदाने हातगाडीच्या सव्वीस खेपा करून पुस्तकं आमच्या इमारतीच्या तळघरात आणली होती. वाचकांच्या कार्डांचे खणसुद्धा. आणि त्याच मेव्लिदाने माझ्या डोळ्यांदेखत पाव कापायच्या सुरीने एका रहस्यकादंबरीची शिलाई उसवली. तिचे बारा भाग केले.

"पुस्तक एक आणि वाचणारे अकरा," ती म्हणाली. "पाण्याला रांग, पावाला रांग. आता खुनाला तरी रांग नको!"

नियम एकच. पुढचा भाग मिळेल तो तळघरात, दुपारी चार वाजता. घरपोच काही नाही.

हा नियम कोणासाठी होता ते सगळ्यांना ठाऊक होतं. पाचव्या मजल्यावरच्या देसांकाबाईंचा मुलगा जुलैत पाणी आणायला गेला, तो परत आला नाही. तेव्हापासून तोफा सुरू झाल्या तरी बाई खाली उतरत नसत. टेकडीसमोरच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून राहत. मेव्लिदाने पहिला भाग त्यांच्या दाराशी ठेवला. दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला बाई सपाता घालून तळघरात हजर.

"पुढचं द्या."

मग त्या रोज आल्या. रोज नवा खुनी ठरवून येत.

शेवटचा भाग मेव्लिदाने माझ्याकडे सांभाळायला दिला होता. मी नन्सच्या शाळेत शिकलेली, सांगितलं म्हणजे पान उलटणार नाही, अशी तिची खात्री. मीही मोह नको म्हणून तो भाग वर्तमानपत्रात गुंडाळून, दोऱ्याने बांधून ठेवला.

बावीस तारखेला सकाळी मला मूठभर खरी कॉफी मिळाली. मसूर भाजून केलेली नव्हे, खरी! मी धावत मेव्लिदाला बोलावून आणलं. पत्र्याच्या शेगडीत कागद सारले, भांडं ठेवलं. तिने पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि एकदम उघडले.

"यागोदा, कशावर उकळलीस?"

"जुन्या वर्तमानपत्रांवर."

"हा वर्तमानपत्राचा वास नाही. हा पुस्तकाचा कागद आहे."

मी कोपऱ्यातल्या रद्दीच्या ढिगाकडे वळले. दोरा बांधलेलं पुडकं तिथे नव्हतं.

"देवा," मी म्हटलं. "पण तू तर वाचली आहेस ना ती? खून कोणी केला?"

"एकाहत्तर साली वाचली, बये! मला नुसती एक टोपी आठवते. कोणाची तरी टोपी होती."

"मग आपणच शेवट रचून सांगू."

"देसांकाबाईंना? त्यांनी अकरा भाग खुणा करकरून वाचलेत. थाप मारली हे कळलं तर त्या वर जाऊन बसतील आणि पुन्हा उतरणार नाहीत."

ती तळघरात धावली आणि कार्ड नाचवतच परत आली. "दुसरी प्रत आहे! अठ्ठावीस मार्च ब्याण्णव, दंतवैद्य हामदिया. चौकापलीकडे!"

त्या चौकावर टेकडीवरचे बंदूकवाले नेम धरून बसलेले असत.

मेव्लिदाने खिडकीचं प्लास्टिक बाजूला सारलं. बाहेर समोरची इमारतही दिसत नव्हती, इतकं धुकं.

"बघतेस काय? कोट घाल!"

धुक्याच्या दिवशी आमच्या शहरात सण असल्यासारखी गर्दी होई. चौकात बायका पिशव्या घेऊन आरामात चालत होत्या. आम्ही तर जवळपास नाचतच गेलो.

हामदियांची कपाटं रिकामी होती. दातांवरचे ग्रंथसुद्धा त्यांनी जाळले होते. टेबलावर मात्र पाच पुस्तकं नीट रचलेली.

"यांच्यावर शिक्का आहे," ते म्हणाले. "वाचनालयाचं पुस्तक कोण जाळेल हो?"

मेव्लिदाने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"वीस महिने उशीर झाला, माफ करा. शेवट मात्र जबरदस्त आहे! तो जो—"

"गप्प बसा!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

पण गप्पांत वेळ गेला. चौकात पोचलो तेव्हा धुकं विरत होतं. पलीकडची जळकी ट्राम स्पष्ट दिसत होती. माणूस एकही नव्हता. मी बासष्टची, ती साठीची. एकमेकींचा हात धरून धावलो. मध्यावर गोळी सणाणली, मागच्या भिंतीची वीट फुटली.

"लागलं?" ट्रामच्या आडोशाला मी विचारलं.

तिने कोटाखाली चाचपलं. "नाही, पुस्तक ठीक आहे."

"तुला विचारतेय, मूर्ख बाई!"

आम्ही इतक्या हसलो की माझ्या पोटात दुखायला लागलं.

चारला दहा मिनिटं कमी असताना तोफा सुरू झाल्या. तळघरात सगळे जमले होते, देसांकाबाई सोडून. मेव्लिदा जिन्याशी जाऊन जिवाच्या आकांताने ओरडली, "देसांकाबाई! शेवट माझ्या हातात आहे! चारला मोठ्याने वाचायला लागणार, कोणासाठी थांबणार नाही!"

वरून सपातांचा आवाज येऊ लागला. भराभर, आणखी भराभर.

"मोठ्याने वाचून तर बघा!" बाई धापा टाकत आल्या. "आधी मी."

त्या तेलाच्या वातीशी बसल्या. आम्ही सगळे त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. चार पंचवीसला इमारत मुळापासून हादरली, डोक्यावर चुना पडला, कोणीतरी किंचाळलं. बाईंनी हात वर केला.

"शांत बसा! दोन पानं उरलीत."

मग त्यांनी पुस्तक मिटलं. "तरी मी म्हणत होते."

"त्याचं नाव तुम्ही एकदाही घेतलं नव्हतंत," मेव्लिदा म्हणाली.

तोफा थांबल्यावर आम्ही तिघी वर गेलो. स्वयंपाकघराची भिंत नव्हती. खुर्ची विटांखाली गेली होती, तिचा एक पाय तेवढा दिसत होता. देसांकाबाईंनी तिकडे पाहिलं. मग मेव्लिदाकडे वळल्या.

"दुसरं काय आहे तुमच्याकडे?"

"आहे ना," मेव्लिदा म्हणाली. "उद्या चार वाजता. तळघरात."