लेकीचा जुना जोड

म्हाताऱ्या बूटवाल्याने शिवलेला जोड टिकणार, ही काळ्या दगडावरची रेघ. गिऱ्हाइकं थट्टा करायची, "माणूस जाईल, जोड जायचा नाही!" म्हातारा खूश व्हायचा. नाजूक सँडल दिसल्या की मात्र त्याचं डोकं फिरायचं. "नव्याचे नऊ दिवस, दहाव्या दिवशी माझ्या दुकानात!"

शाळा सुटली की नात दुकानातच बसायची, आई कामावरून येईपर्यंत. त्या दिवशी म्हणाली, "आजोबा, आज आम्ही ड्युरेबल शिकलो. म्हणजे पुष्कळ वर्षं टिकणारं. बाईंनी तसली एक वस्तू आणायला सांगितलीय."

"हात्तिच्या! एवढंच ना?"

म्हाताऱ्याने वरच्या फळीवरून खोका काढला. आत लेकीचे शाळेतले बूट. तेव्हा तिने लाल सँडलसाठी रडून रडून घर डोक्यावर घेतलं होतं. हा कुठला ऐकतोय! जागून जागून हे काळे, दुहेरी तळाचे बूट शिवले. वर्षभराने लेक म्हणाली, "लहान झाले." तेव्हापासून तो दर दिवाळीच्या साफसफाईला त्यांना वरून पॉलिश करून ठेवायचा.

"बघ, अजून नव्यासारखे. आणि ही खालची शिवण..." त्याने बूट उलटा केला आणि तळावरून अंगठा फिरवला. तळ बघून माणसाची चाल सांगणारा हा म्हातारा. पण या तळाच्या कडा अजून धारदार होत्या, दोरासुद्धा घासला नव्हता. ते बूट कुणी घातलेच नव्हते.

"नेऊ ना, आजोबा?"

"नको गं. हे नको."

संध्याकाळी लेक कामावरून आली. त्याने बूट तिच्यापुढे ठेवले. ती स्टुलावर टेकली.

"पायरीवरच काढून दप्तरात कोंबायचे, बाबा, आणि जुन्या चपला घालायचे. जड होते हो. मुली हसायच्या."

"अगं, मग बोलायचं नाही का?"

"बोलले होते की. तुम्ही ऐकलंत कुठे? आणि एवढा जीव ओतून शिवलेले, मग घालत नाही म्हणून सांगायचा धीरच झाला नाही."

आयुष्यभर पोरीला आपल्याच मनासारखं घ्यायला लावलं, याची म्हाताऱ्याला लाज वाटली. त्याने लाल कातडं ओढून काढलं. "पाय पुढे कर. आज सँडल करतो. नाजूक पट्टी, उंच टाच, म्हणशील तशी."

तिने मापाच्या कागदावर पाय ठेवला. टाचेला भेगा, करंगळी सुजलेली.

"करा की. पण टाच नको, बाबा. पट्टी जाड घाला, तळ दुहेरी. रंग काळाच बरा. दिवसभर काउंटरला उभी असते मी."

"म्हणजे ड्युरेबल!" नात ओरडली.

म्हाताऱ्याने लाल कातडं गुंडाळून फळीवर ठेवून दिलं.