न बोलावता आत आलेला माणूस

सुखदेवभाऊ गेल्याचं मला चंद्रपूरच्या बसस्थानकावर कळलं. त्यांच्याच खात्यातला एक ओळखीचा माणूस मूल गावाहून आलेल्या गाडीतून उतरला. पान लावून घेता घेता तो म्हणाला, "आपले सुखदेवभाऊ गेले ना जी, मलेरियावाले. झोपीतच." मी "अरेरे" म्हणालो आणि ऊर्जानगरची बस पकडली. खिडकीशी बसल्यावर लक्षात आलं, की मला सुटल्यासारखं वाटतंय. ज्या एका माणसाला माझी एक गोष्ट ठाऊक होती, तो आता राहिला नव्हता. स्मृतिलेखात असं लिहू नये, हे मला कळतं. पण सहा-सात वर्षं जे पोटात ठेवलं, ते आता तरी सरळ लिहायला हवं...

ऐंशी सालानंतरची दोन-अडीच वर्षं मी एटापल्लीकडच्या जंगलात एका गावी शिक्षक होतो. सुखदेवभाऊ दर पंधरवड्याला तिथे सायकलनं येत. खांद्यावर खाकी झोळी, झोळीत सुया, काचपट्ट्या आणि कडू गोळ्या. घरोघरी जायचं, तापाचं माणूस शोधायचं, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, दाराशेजारी तारीख लिहायची. माणूस इतका मर्यादशील, की अंगणाच्या कडेला सायकल टेकवून उभा राही आणि घरातलं कुणी "या" म्हणेपर्यंत पाऊल उचलत नसे. मी एकदा म्हणालो, "भाऊ, सरकारी माणूस तुम्ही. सरळ आत जा की." ते म्हणाले, "मास्तर, आधीच सुई घिऊन जातो. त्यात न बोलावता गेलो तं मार खाईन ना."

आमची मैत्री झाली ती रक्तपिपासूंच्या गोष्टींवरून. चंद्रपूरच्या एका भाड्याच्या वाचनालयातून मी भयकथांची पुस्तकं आणत असे. परदेशी गोष्टींवर बेतलेल्या, स्वस्त कागदावरच्या, पानं सुटलेल्या. आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी शाळा रिकामी असे. व्हरांड्यात बसून मी वाचायचो आणि भाऊ सुया पुसत ऐकायचे. दरीच्या टोकावरचा किल्ला, टोकदार कमानी, शवपेटीत निजणारा सरदार... "असा किल्ला तं आपल्या चांद्यात बी हाय," ते चंद्रपूरच्या किल्ल्याबद्दल म्हणायचे. "तिथी नुसत्या म्हशी बसून राह्यतात." भाऊंच्या घरानं छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. देव मानत नव्हते, तिथे भुताची काय कथा. मग हे इतकं मन लावून का ऐकता, असं विचारलं तर म्हणाले, "भूत नाई हे मालूम हाय, म्हून तं मजा येते. डास हाय हे बी मालूम हाय, पन डासाची गोष्ट कोनी आयकते का?"

त्या गोष्टींतला एक नियम त्यांना फार आवडे. रक्तपिपासू कितीही बलवान असला, तरी घरच्यांनी आत बोलावल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. "लेकाचा आपल्यापेक्षा सभ्य हाय," ते हसून म्हणायचे.

पावसाळा सरता सरता एका दुपारी वर्गात पोरं कंटाळली होती, म्हणून मी तीच गोष्ट सांगायला घेतली. किल्ला त्यांना कळेना, सरदार कळेना. मग मी गोष्ट इकडे आणली. आमच्या रक्तपिपासूला सायकल दिली, खाकी झोळी दिली. तो अंगणात येऊन उभा राहतो आणि "या" म्हणायची वाट बघतो, हेही घातलं. पोरं खिदळली. त्याला नाव त्यांनीच दिलं, रगतपिव्या. मग मी रोज थोडी थोडी गोष्ट वाढवत गेलो. समोरची पोरं डोळे विस्फारून बसतात, तेव्हा सांगणाऱ्याला थांबवत नाही...

पुढच्या फेरीला भाऊंना दारं लागलेली दिसली. ते नेहमीसारखे अंगणात उभे, आणि आतून कुणी "या" म्हणेना. जितक्या अदबीनं ते थांबत, तितके ते गोष्टीतले होत. दुपारी शाळेत येऊन माठातलं पाणी प्याले आणि मला म्हणाले, "मास्तर, काऊन दारं लावून राह्यले हे लोक?" मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "काय माहीत, भाऊ." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेला उपडा ठेवला आणि गेले.

दिवस कलायच्या आत मी शाळेच्या खिडकीतून एक खाट जाताना पाहिली. चौघांच्या खांद्यावर खाट, खाटेवर चौथीतली सोमी, तोंडावरून लुगडं ओढलेलं. मागे तिची आई बुधीबाई आणि बाजूनं सायकल ढकलत सुखदेवभाऊ. मी बाहेर गेलो नाही. दुसऱ्या दिवसापासून दिवाळीची सुट्टी होती. सुट्टीतच खटपट करून चंद्रपूरला बदली मिळवली. ती मुलगी वाचली का, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. भाऊ चंद्रपूरला आले की निरोप धाडत, आणि मी घरी नसे.

मधल्या वर्षांत मी या गोष्टी पुन्हा वाचल्या, पण वेगळ्या कारणानं. ही कल्पना मुळात कुणाची, हे शोधत होतो. दोष वाटून घ्यायला कुणी मिळतो का, म्हणून असेल. शोधत गेलो तर किल्ला आणि सरदार फार नंतरचे निघाले. जुन्या कमानींच्या आणि पडक्या मठांच्या ओढीतून शहरी लेखकांनी ते चढवलेले दागिने होते. त्याआधी पूर्व युरोपातली गरीब खेडी होती, आणि साथ होती. एका घरातलं एक माणूस जायचं, मग दुसरं, मग तिसरं. का, ते कळायचं नाही. मग लोक आधी गेलेल्याचं थडगं उकरून बघत. प्रेत फुगलेलं, ओठांशी रक्त... म्हणजे हाच रात्री येऊन पितो. मूळ गोष्ट अशी तापातून उठलेली आहे. आणि ती अजून का टिकली, याचं माझं उत्तर असं, की ताप विचारून येत नाही, रक्तपिपासू विचारून येतो. ज्याला "नको" म्हणता येतं असा मृत्यू माणसाला दुसरीकडे कुठे मिळणार? त्या गावानं दारं लावली ती अडाणीपणानं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मरणाला नाही म्हणायची सोय मिळाली होती. ती मी दिली होती, आणि चुकीच्या माणसाविरुद्ध दिली होती.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी मूलला भाऊंच्या घरी गेलो. भाऊंच्या खोलीत बायका बसल्या होत्या. त्यातली एक उठून म्हणाली, "गुर्जी ना जी तुमी?" बुधीबाई होती. शेजारी सोळा-सतरा वर्षांची उंच पोरगी. "हे सोमी," बुधीबाई म्हणाली. त्या खाटेवरचीच. मला बसायला सांगून तिनं पाणी मागवलं.

मग ती सांगत गेली. त्या दिवशी शाळेतून निघाल्यावर भाऊंनी वाटेत पोरांकडून सगळी गोष्ट काढून घेतली, आणि मग ते अंगणात थांबलेच नाहीत. दार ढकलून सरळ चुलीपर्यंत आले. "मी काठी उचलली. तं म्हनते, बाई, रगतपिव्या न बोलावता येते का? नाई येत ना? मंग मी कोन? मले हसू बी आलं अन् रडू बी आलं. पोरगी तं फनफनत होती." त्यांनी रक्त घेतलं, गोळ्या दिल्या आणि त्यांचा नेहमीचा कायदा, गोळी गिळली की तोंड उघडून दाखवायचं, तो तापातल्या पोरीकडूनही पाळून घेतला. मग खाट उचलायला लावून तिला दवाखान्यात नेलं. लुगडं उन्हासाठी ओढलं होतं. तिथून परतल्यावर ते गावातल्या प्रत्येक घरात तसेच, न बोलावता शिरले.

"ती गोष्ट मीच सांगितली होती," मी म्हणालो. "आणि भाऊंनी विचारलं, तेव्हा खोटं बोललो."

"मालूम हाय जी, साऱ्या गावाले," बुधीबाई म्हणाली. "भाऊच सांगे. म्हने, मास्तरनं गोष्ट लय बेस सांगतली, म्हून तं तुमी डरले."

सोमी पुढे सरकली. ती म्हणाली, "गुर्जी, मंग त्याचं का झालं?"

"कुणाचं?"

"रगतपिव्याचं. तुमी अर्ध्यातच गेले ना. भाऊले इचारलं तं दर खेपी येगळंच सांगत. मांगच्या खेपी म्हने, त्याले मलेरिया झाला."

पुस्तकातला शेवट मला आठवत होता. पहाटेचा उजेड, धुळीचा ढीग... मी म्हणालो, "भाऊ सांगत होते ते बरोबर आहे. इतक्या जणांचं रक्त प्याला, त्याला ताप येणारच. भाऊंनी त्याला गोळ्या दिल्या."

"अन् तोंड उघडून दाखवलं त्यानं?"

"दाखवलं."

"मंग भाऊनं आधी दात पाह्यले असतीन त्याचे," बुधीबाई म्हणाली, आणि कोपऱ्यात भाऊंच्या झोळीशेजारी बसलेली त्यांची बायको पदर तोंडाला लावून हसली.