बॉनेटवरचं कुंकू

काल संध्याकाळच्या वादळात शेजारच्या पोपटनानांच्या गोठ्याचा पत्रा उडून आमच्या गाडीवर पडला. बॉनेटवर हातभर ओरखडा. गाडी घेऊन वर्षही झालेलं नाही. सकाळी नाना दिसले की चार शब्द सुनवायचेच, असं ठरवून मी दारातच बसलो होतो.

नाना आले ते म्हाताऱ्या आईला घेऊन, हातात नारळ. मला वाटलं, माफी मागायला आलेत. तर त्यांनी सरळ गाडीच्या चाकापुढे नारळ फोडला. आजींनी ओरखड्यावर कुंकू लावलं आणि हात जोडले.

मला काही कळेना.

"वारं सुटलं तवा आई ओट्यावरच हुती, तुमच्या गाडीच्या बरोबर मागं," नाना म्हणाले. "गाडी मधी नसती तर पत्रा तिच्याच अंगावर आला असता."

सुनवायचं राहिलं बाजूला, मी मुकाट्यानं खोबरं खाल्लं.

दुपारी तिसगावच्या गॅरेजवाल्याला फोटो पाठवला. म्हणाला, घेऊन या, खूणसुद्धा राहणार नाही. चावी घेऊन बाहेर आलो, तर आजी पुन्हा गाडीपाशी. ओरखड्यावर हात फिरवत मला विचारतात, "लई लागलं का रं हिला?"

चावी अजून खिशातच आहे. तुम्ही असता तर गेला असता का गॅरेजला?