ताईच्या नव्या कॉम्प्युटरला जुना फ्लॉपी ड्राइव्ह

नव्या कॉम्प्युटरमधून फ्लॉपी ड्राइव्ह काढून टाकला तो कुणाला विचारून? आम्हाला तर कुणी विचारलं नाही. वीज खासगी कंपन्यांना देण्याविरुद्धचं आमचं पत्रक एकाच फ्लॉपीवर होतं, आणि ज्या कॉम्प्युटरवर ते टाइप केलं तो सकाळीच कायमचा बंद पडला. संध्याकाळपर्यंत प्रिंट अफझलगंजच्या छापखान्यात पोचली नाही, तर उद्याच्या मोर्चात वाटायला काहीच नव्हतं. म्हणून बंद मशीनचा ड्राइव्ह उपसून मी विद्यानगरला ताईकडे गेलो. ताई सॉफ्टवेअर कंपनीत, म्हणजे माझ्या हिशेबी पलीकडच्या बाजूची. तिला मी कशालाच हात लावू दिला नाही.

पट्टीसारखी केबल मीच बसवली, मशीन चालू केलं, फ्लॉपी आत सरकवली. ड्राइव्हचा दिवा लागला तो विझेचना, आणि पडद्यावर काही येईना.

"तू काय केलंस?" मी विचारलं.

"मी? अहो पुढारी, केबल उलटी लावलीत तुम्ही! अशानं फ्लॉपी पुसली जाते." तिचा चेहरा उतरला. "फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिडकी उघडी होती का?"

ती खिडकी उघडी असली की फ्लॉपीवर काही लिहिता-पुसता येत नाही. निघतानाच मी ती उघडली होती, ताईनं मजकुरात ढवळाढवळ करू नये म्हणून. तसं तिला तोंडावर सांगितलंही.

"हौ रे, माझ्यावर संशय घेतलास म्हणून वाचलं तुझं पत्रक!" ती हसत सुटली. केबल तिनंच सुलटी केली, आणि पत्रक उघडलं.

प्रिंट निघाल्यावर मी शब्द न् शब्द तपासला. तिनं काही बदललं नव्हतं.