अनुभवी अक्का

स्पिरिटचा वास आला की मला साठ सालच्या सुमाराचा बंगळूरच्या इस्पितळातला पुरुषांचा वॉर्ड आठवतो, आणि तिथे दाखल असलेले चामराजपेटचे एक पैलवान. मी नुकतीच नर्स झाले होते. सुई घेऊन गेले की ते पांघरूण ओढून म्हणायचे, "तू नको गं, अनुभवी अक्कांना पाठव." मग मोठ्या सिस्टर हसत येऊन टोचायच्या आणि मला रडू यायचं. एका सकाळी त्या रजेवर होत्या आणि नुकतीच पास झालेली एक मुलगी माझ्या हाताखाली आली. तिच्या ट्रेमध्ये काचेच्या सिरिंजा किणकिणत होत्या. पैलवानांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि घाईघाईने म्हणाले, "स्वल्प, जरा थांब पोरी! या अनुभवी अक्काच देतील." मी ताठ मानेने पुढे झाले. त्यांनी डोळे घट्ट मिटले. मी दंडावर ओला बोळा फिरवला, तर ते तिला म्हणाले, "बघ, याला म्हणतात अनुभव! टोचलेलं कळलंसुद्धा नाही." सुई अजून माझ्या हातातच होती. ती टोचली तेव्हाची त्यांची आरोळी बायकांच्या वॉर्डापर्यंत गेली. पुढे निवृत्त होईपर्यंत कौतुक पुष्कळ झालं, पण काम करण्याआधीच झालेलं तेवढं एकच.