दहिसरची भाची

काशीराम घाडीच्या घरी रोज पहाटे एक भाची यायची. सुगंधाकाकीला न्हाऊमाखू घालायची, वेणी घालायची, लुगडं गुंडाळायची, धुणं धुवायची आणि उजाडायच्या आत दहिसरला परत जायची.

असं काशीराम सांगायचा. आता जोगेश्वरीच्या आमच्या चाळीतल्या बायका म्हणजे दूधवाल्याच्या आधी नळावर हजर. मांजर कुणाच्या घरातून कुणाच्या घरात गेलं, तेही त्या सांगतील. पण ही भाची काही कुणाच्या नजरेस पडली नाही.

"भाची आहे की भूत?" शेजारची मार्तंडची आई विचारायची.

"लाजरी आहे," असं म्हणून काशीराम दार लावून घ्यायचा.

खरी गोष्ट अशी की छप्पन सालच्या गणपतीत सुगंधाच्या डाव्या अंगावरनं वारं गेलं. जीभ तेवढी शाबूत राहिली. चाळ म्हणायची, तिथं हात घालायची देवाचीही छाती झाली नाही! मूलबाळ नव्हतं. काशीराम नुकताच गिरणीतून मोकळा झालेला. साच्यावर लुगडी विणण्यात त्याचा जन्म गेला, पण लुगडं नेसवायचं कसं हे काही त्याला ठाऊक नव्हतं. लुगड्याशी त्याचा संबंध विणण्यापुरता. बाकीचं आपण विचारू नये.

शेजारच्या बायका मदतीला धावल्या, पण सुगंधा त्यांना अंगाला हात लावू देईना.

"ह्या सगळ्यांची बाळंतपणं मी केली. आता त्याच माझी लुगडी धुणार?" ती काशीरामाला म्हणाली. "आणि तुम्ही धुताय म्हणून कळलं, तर चाळीत तुमका मान वर करून फिरूक मिळाचा नाय."

"मग सांगू काय लोकांना?"

"सांगा, भाची येते. दहिसरची."

झालं. भाची जन्माला आली.

वेणीचा पहिला दिवस तर विचारूच नका. कंगवा गुंत्यात अडकला, सुगंधा "आई गं!" म्हणून ओरडली, काशीराम "गप बस गो!" म्हणून खेकसला. कंगवा भिरकावून गॅलरीत जाऊन उभा राहिला. राग तिचा आला की स्वतःचा, त्याचं त्यालाच कळेना. लाज मात्र नक्की वाटली. आत आला तर सुगंधानं उजव्या हातानं कंगवा ओढून घेतला होता. तिनं तो त्याच्यापुढे धरला.

"धागा तुटला म्हणून साच्यावर ओरडायचात काय?"

त्यावर काशीराम हसला. मग बोटांना साच्याची आठवण झाली. महिन्याभरात अशी वेणी जमली, की समाचाराला आलेल्या बायकांनी भाचीची तारीफ केली. काशीरामानं ती खाली मान घालून ऐकून घेतली. रोज वेणी होईपर्यंत सुगंधा बोलत राहायची. माहेरचा आंबा, सासूचे टोमणे, पहिल्यांदा मुंबईला आली तेव्हा बोटीत झालेली ओकारी, काय काय. इतकी वर्षं रात्रपाळीहून येऊन हिच्या हातचं जेवायचं आणि घोरायचं, एवढंच त्यानं केलेलं. अंग आंबून जायचं, पण सकाळी कंगवा हातात घेतला की काशीरामाला वाटे, ही बायको आपल्याला दुसऱ्यांदा मिळाली.

अशात संक्रांत आली. शेवटच्या खोलीतल्या जयवंताची बायको सुलक्षणा, तिची ही पहिली संक्रांत. हे लग्न सुगंधानंच जुळवलेलं.

"काकी, तुम्ही कुंकू लावल्याशिवाय मी हलव्याचे दागिने अंगावर चढवणार नाही," पोरगी हट्ट धरून बसली.

आजारपणापासून उंबरा न ओलांडलेली सुगंधा म्हणाली, "येईन."

काशीरामाला धास्ती पडली ती लुगड्याची. घरात कसंही गुंडाळलेलं चादरीखाली चालत होतं. तिथं साऱ्या बायका बघणार, एखादी फिदीफिदी हसणार, आणि ही परत उंबऱ्याबाहेर पाऊल म्हणून टाकणार नाही.

सुगंधाला कॉटच्या दांडीला टेकवून त्यानं नऊ वार लुगडं उलगडलं. ती सांगत होती एक, त्याचे हात करत होते दुसरं. शेवटी त्याला येत होतं तेच त्यानं केलं, रोज धोतर नेसायचा तसा कासोटा घातला. घट्ट, झकास! पण धोतराला पदर कुठे असतो? सगळे नऊ वार कमरेभोवतीच संपले, खांद्यापर्यंत कापडच पोचेना. त्यावर त्यानं शाल पांघरली. त्यानं आणि जयवंतानं खुर्चीसकट तिला उचलून शेवटच्या खोलीत नेऊन ठेवलं आणि पुरुष म्हणून दोघे दाराबाहेर बसले, चपलांच्या राशीशेजारी.

काशीरामाचे कान आतच होते. सुगंधानं सुलक्षणेला कुंकू लावायला हात उचलला आणि शाल घसरली.

मग मार्तंडची आई, "अगो बाई! कुठल्या भाचीनं नेसवलं हे? हे तर धोतर!"

आणि जो हशा उठला! तिला उचलून घरी न्यावं म्हणून काशीराम उठला, उंबऱ्यावर पाय ठेवला, तेवढ्यात सुगंधाचा आवाज आला.

"हसा गो, हसा. पण आधी माका नाव घेऊ द्या."

आणि तिनं उखाणा घेतला.

"डावा हात रुसला माझा, उजव्याची सोडली साथ,
काशीरामरावांचं नाव घेते, तेच आता डावा हात."

"आणि दहिसरची भाची?" कुणीतरी विचारलं.

"तीच ही. मिशीवाली."

पुन्हा हशा झाला, पण ह्या वेळी त्यात सगळ्यात मोठा आवाज सुगंधाचा होता. मार्तंडची आई नाक पुसत म्हणाली, "नशीब काढलंस गो, सुगंधा."

काशीराम परत चपलांशेजारी येऊन बसला.

"काय झालं, काका?" जयवंतानं विचारलं.

"काय नाय रे. तीळ गेला डोळ्यात."

दुसऱ्या दिवशी पहाटे दार वाजलं. काशीरामानं उघडलं, तर समोर सुलक्षणा, पदर खोचून उभी.

"काका, दहिसरची भाची आलेय. व्हा बाजूला."

त्यानं सुगंधाकडे पाहिलं. तिनं थोडा वेळ आढ्याकडे पाहिलं, मग कॉटवर सरकून जागा केली. काशीराम बाजूला झाला. कितीतरी दिवसांनी खाली बसून, बशीत ओतून, तो चहा प्यायला. दार तसंच उघडं होतं. नळावरच्या बायका खुशाल आत डोकावत होत्या आणि त्याला त्यांचा राग येत नव्हता.

सुलक्षणेनं कंगव्याला हात घातला मात्र, तो बशी खाली ठेवून उठला.

"लुगडं तू नेसव, पोरी. वेणी माझी."