छप्पन एपीओ, जयपूर

मसूरच्या अनुसयाबाईला निवांत बसलेली कुणी बघितली असेल तर सांगावं! जेवायला बसली तरी एक गुडघा उभा, म्हणजे मध्येच उठायला सोपं. कुणाच्या लग्नाला गेली की अक्षता पडायच्या आत ही आचाऱ्याच्या पाठीशी उभी. "अगं, बूड टेकव की जरा," असं तिचा नवरा ज्ञानोबा बत्तीस वर्षं सांगत आला, पण ऐकेल तर शपथ. असली ही बाई दोन दिवस आगगाडीत कशी बसली असेल, ते तिच्या डब्यातल्या लोकांनाच विचारावं. दर स्टेशनाला ती बोचकं काखोटीला मारून दाराशी. सवाई माधोपूरला छोट्या गाडीत बसल्यावर तर कहरच झाला. जयपूरच्या आधी दुर्गापुरा म्हणून स्टेशन लागतं, ही तिथंच उतरायला निघाली. शेजारच्या घागरेवाल्या म्हातारीनं तिचा पदर धरून तिला खाली बसवलं आणि जयपूर येईस्तोवर तो पदर मुठीतून सोडला नाही.

घाई कशाची, तर लेकीची. मालन ही तिची एकुलती एक. जावई हणमंत फौजेत. १९८७चा जानेवारी होता तो. सरहद्दीकडं फौजा हलल्या होत्या आणि हणमंतची पलटण जयपूरहून वाळवंटात कुठंतरी गेली होती. मालनला नववा लागलेला, डॉक्टरणीनं प्रवासाला सक्त मनाई केलेली, आणि ती परक्या गावात भाड्याच्या खोलीत एकटी.

हे ऐकून कुठलीही आई घाई करणारच. पण अनुसयेच्या घाईमागं एक जुनं कारण होतं. दोन वर्षांमागं, पहिल्या खेपेला, मालन सासरी असताना सातव्यातच तिला त्रास सुरू झाला आणि तिनं आईला बोलावणं धाडलं. तेव्हा अनुसयेची म्हैस व्यायला झाली होती. पहिलारू म्हैस, अडली तर बघणार कोण, म्हणून बाई आठ दिवस थांबली. म्हैस नीट व्याली. अनुसया पोचली तेव्हा मालन भिंतीकडं तोंड करून पडली होती आणि मूल गेलेलं होतं. मालन आईला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं अनुसयेला अजून वाटतं.

म्हणून यंदा हणमंतचं पत्र आल्याबरोबर बाई निघाली. भाच्यानं मुंबईत गाडीत बसवलं आणि आदल्या दिवशी तारही केली. सगळं चोख झालं. फक्त पत्ता चुकला.

आता ही चूक कशी झाली ते ऐका, म्हणजे हसू नका. अनुसयेच्या घरची रीत अशी, की लेकीला पत्र लिहायचं तरी पाकिटावर नाव जावयाचं घालायचं. लग्न झालेल्या मुलीच्या नावानं परभारे पत्रं धाडणं ज्ञानोबाला बरं दिसत नसे. त्यामुळं पत्रं जात हणमंतला, तो ती मालनला पोचती करी, आणि मालनची पत्रंही त्याच्याच पत्त्यावरून येत. त्याचा पत्ता म्हणजे नंबर, नाव, पलटण आणि शेवटी 'मार्फत ५६ एपीओ'. मालन जयपुरात, हणमंत तिचा नवरा, मग हा पत्ता जयपूरचाच, यात विचारायचं काय? गावच्या रंगनाथ गुरुजींनी तर चष्मा सारखा करून सांगितलंही होतं, "घर नंबर छप्पन. एपीओ हे आळीचं नाव असणार." तारही त्याच पत्त्यावर गेली, म्हणजे थेट वाळवंटात. जयपूर स्टेशनावर तिला घ्यायला कोण येणार, कपाळ?

तासभर ती फलाटावर इकडून तिकडं फिरली. दिवस रविवारचा, सकाळची वेळ, थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. शेवटी ती बाहेर आली आणि पहिल्याच सायकलरिक्षाच्या दांडीला धरून म्हणाली, "भैया, छप्पन नंबर. एपीओ आळी. जल्दी."

रिक्षावाला पन्नाशी उलटलेला, डोक्याला लाल फेटा. नाव भैरूजी. जयपुरातली गल्ली न् गल्ली त्याला पाठ, पण ही आळी काही त्याच्या ध्यानात येईना. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानं तिच्याजवळचं हणमंतचं आंतरदेशीय पत्र स्टेशनातल्या तिकीट तपासनिसाला नेऊन दाखवलं. तो म्हणाला, हे फौजेचं काम आहे, छावणीत न्या. भैरूजीनं मागं वळून बघितलं, तर बाई रिक्षात बसायचं सोडून रिक्षाच्या पुढं चालायला लागलेली.

"माताजी, बैठो तो सही!"

छावणीच्या फाटकावर पहाऱ्याला एक तरणाबांड जवान होता. त्यानं पत्र वाचलं आणि त्याचा चेहरा पडला. हसला असता तर अनुसयेनं त्याला तिथंच फैलावर घेतला असता, पण तो हसला नाही. हळूच म्हणाला, "माताजी, छप्पन एपीओ कोई जगह नहीं है."

"जगा नहीं? आवं, दो साल से चिठ्ठी जाती है की तिथं!"

त्यानं नीट समजावून सांगितलं. हा फौजेच्या टपालाचा नंबर. पलटण बर्फात असो नाही तर वाळूत, पत्ता हाच. टपाल बरोबर पोचतं, माणूस नाही पोचत. पलटणीतल्या बायकामुलांचे पत्ते कचेरीत लिहिलेले असतात, पण आज रविवार. कचेरी उद्या नऊला उघडणार. तोवर माताजींनी पाहुण्यांच्या खोलीत थांबावं, चहा घ्यावा, जेवावं. त्यानं स्वतः आत जाऊन दोघातिघांना विचारलंसुद्धा, पण त्या पलटणीचं मागं कुणी राहिलं नव्हतं.

उद्या! हातात चहाची पेली आली तरी अनुसयेनं ती तोंडाला लावली नाही. आठ दिवस थांबले होते मी त्या वेळेला, आता एक दिवस थांबायची ताकद नाही माझ्यात, असं ती मराठीतच त्या पोराला म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं. जवानाला शब्द कळले नाहीत. त्यानं तिच्या हातातली पेली काढून घेतली आणि टोपी काढून नुसता उभा राहिला.

भैरूजी मात्र नुसता उभा राहणाऱ्यातला नव्हता. दुसरा एखादा केव्हाच सवारी उतरवून चालता झाला असता. त्यानं रस्त्याकडेच्या कट्ट्यावर उकिडवं बसून विचारलं, "बेटी ने चिठ्ठी में कुछ तो लिखा होगा? घर कैसा है? मकान-मालकिन कौन है?"

अनुसया येरझारा घालत आठवायला लागली. गच्चीवर मोर येतात. आगगाडीची शिट्टी ऐकू येते. मालकीणबाई घरातच कापड विकते, खोलीभर तागे आहेत. मालन तिला काकी म्हणते. नाव? नाव कधी लिहिलंच नाही मेलीनं!

"कपडा?" भैरूजीनं विचारलं.

"कपडा, कपडा! ये देखो." अनुसयेनं बोचकं सोडलं. डिंकाच्या लाडवांचा डबा बाजूला सारून तिनं बाळासाठी शिवलेली गोधडी बाहेर काढली. दिवाळीत मालननं कापड धाडलं होतं, काकीनं दिलंय म्हणून, त्याचीच ही गोधडी. पिवळट कापडावर लाल-काळी फुलं. मात्र दर फुलाला एक पाकळी कमी, आणि तीही एकाच जागची. शिवताना अनुसया त्या छापणाऱ्याच्या नावानं दर टाक्याला बोटं मोडत होती. तिला असलं अर्धवट काम खपत नसे. शेवटी तिनं लाल दोरा घेऊन वीस-पंचवीस फुलांच्या पाकळ्या स्वतःच भरल्या होत्या.

भैरूजीनं गोधडी उलटसुलट केली. "यह तो बगरू का काम है," तो म्हणाला आणि सीटवर चढला.

बगरू हे जयपूरजवळचं गाव. तिथले छीपा लोक लाकडी ठशांनी कापड छापतात आणि गाठोडी घेऊन शहरात येतात. भैरूजीनं रिक्षा हाणली ती थेट बगरूच्या बसगाड्या सुटतात त्या नाक्यावर. तिथं तो दर गाठोडेवाल्यापुढं गोधडी धरायला लागला. पहिल्यानं मान हलवली. दुसरा म्हणाला, ठसे घराघराचे वेगळे, हा आमचा नाही. अनुसयेचा जीव नुसता टांगणीला लागलेला. तिसरा बसमध्ये पाय टाकून चढतच होता. बोटं निळीनं रंगलेली, चाळिशीचा माणूस. त्यानं फुलावरून अंगठा फिरवला, अंगठा त्या नसलेल्या पाकळीवर थांबला, आणि तो बसमधून खाली उतरला.

"यह फूल हमारा है," तो खाली बघत म्हणाला.

लाजेनं त्याचे कान लाल झाले होते. घीसालाल त्याचं नाव. आश्विनात ठसा दगडावर पडला आणि पाकळी उडाली, हे त्याच्या म्हाताऱ्या बापाला कमी दिसायला लागल्यामुळं कळलं नाही. म्हाताऱ्यानं दोन तागे तसेच छापले. एकही व्यापारी ते घेईना. "बनी पार्क की सुगनीबाई ने ले लिया. बोली, फूल आधा है तो क्या, कपड़ा तो पूरा है."

"सुगनीबाई! कपडेवाली! तिच्या गच्चीवर मोर येतो?" अनुसयेनं त्याचा हातच धरला.

मोराचं काही घीसालालला माहीत नव्हतं, पण घर माहीत होतं. मागं त्याची बस सुटली, कंडक्टरनं दोनदा हाक मारली, यानं वळूनही बघितलं नाही. गोधडी शिवताना ज्याला अनुसयेनं मनातल्या मनात शंभर शिव्या घातल्या होत्या, तो माणूस आता तिचं बोचकं आपल्या गाठोड्यावर ठेवून रिक्षाच्या बाजूनं धावत होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पाकळीचं काय एवढं न्हाई वं," असं ती त्याला सारखी सांगत राहिली. त्याला काय कळलं असेल देव जाणे.

बनी पार्क या वस्तीतल्या त्या घराला कुलूप होतं.

कुलूप बघून अनुसयेनं डोक्याला हात लावला आणि तिथंच देवाला जाब विचारला, त्याचं बारसं जेवल्यासारखा. तेवढ्यात शेजारच्या खिडकीतून एका बाईनं डोकं काढलं. मराठन बहू का? पहाटेच सुगनीबाई तिला रिक्षात घालून बायकांच्या दवाखान्यात घेऊन गेली. फार त्रास होत होता बिचारीला.

तिथून दवाखान्यापर्यंतचा रस्ता अनुसयेला पुढं कधीच आठवला नाही. आठवतात फक्त भैरूजीचे खालीवर होणारे खांदे, आणि आपण सारखं म्हणत होतो ते, म्हैस व्याली, म्हैस व्याली. दवाखान्याच्या फाटकावर पुरुषांना मनाई होती. ते दोघं बाहेर थांबले. ही चप्पल पायातून कुठं निसटली तेही न बघता आत पळाली.

ओळीनं खाटा. सातवी की आठवी. मालन उशीला टेकून होती, चेहरा पांढरा पडलेला, पण डोळे उघडे. भिंतीकडं तोंड नव्हतं. खाटेशेजारी एक उंच, पांढऱ्या ओढणीतली म्हातारी उभी होती आणि तिच्या हातात किरकिरणारं गाठोडं होतं.

"आई!" मालन म्हणाली. "मुलगी झाली गं."

अनुसया खाटेशी पोचली. तिनं लेकीचे गाल चाचपले, कपाळ चाचपलं, पाय चाचपले, सगळं जागेवर आहे ना बघितलं. मग बाळ बघितलं. आणि मग त्या म्हातारीच्या पायाच पडायला वाकली, तर म्हातारीनं तिला मधेच धरलं आणि खडसावलं, इतका उशीर का केला म्हणून! मग ओढणीच्या गाठीतून एक चांदीची चिमुकली वाटी काढली. वाटीत गुळाचं पाणी होतं आणि कापसाची वात.

"हे काय?"

"घुट्टी, आई," मालन म्हणाली. "हिकडं पहिला थेंब जो देतो, त्याच्या वळणावर मूल जातं म्हणतात. नर्सबाई रागावतात, म्हणून काकी लपवून बसल्यात. मी सकाळपासून सांगतेय, तुम्हीच द्या, माझी आई काही यायची नाही. तर ऐकेचनात. म्हणतात, नानी का हक है, नानी आएगी."

माझी आई काही यायची नाही. अनुसयेनं ते ऐकलं आणि गिळलं. सुगनीबाईनं वात तिच्या हातात दिली. अनुसया वाकली, बाळानं तोंड उघडलं, आणि तिचा हात तिथंच थांबला. माझ्या वळणावर? जिला म्हशीपायी लेकीकडं यायला जमलं नाही, तिच्या? तिनं वात परत म्हातारीच्या बोटात कोंबली.

"तुम दो," ती म्हणाली. "तुम्हारे जैसी होने दो. मेरे जैसी नको."

म्हातारीनं तिच्याकडं बघितलं. किती कळलं कोण जाणे, पण तिनं हुज्जत घातली नाही. तिनं थेंब दिला, बाळ मिटक्या मारायला लागलं, आणि अनुसयेनं त्याला त्या बगरूच्या फुलांत गुंडाळून घेतलं.

मग ती बाहेर जायला निघाली, त्या दोघांना सांगायला, लाडू द्यायला, चप्पल शोधायला. मालननं तिचा पदर धरला.

"आई, बस की जरा. म्हैस कुणाकडं ठेवून आलीस?"

अनुसया खाटेच्या काठावर टेकली. दोन्ही पाय वर घेऊन मांडी घातली.

"विकली गं," ती म्हणाली. "तुझ्या नवऱ्याचं पत्र आलं, त्याच दिवशी विकली."